सावकाशरावांची लाल गाडी

जन्मभर शववाहिनी चालवलेल्या माणसाला गल्ली सावकाशराव म्हणणार नाही तर काय म्हणणार! मागून माणसं चालत येत, म्हणून गाडी पहिल्या नाहीतर दुसऱ्या गिअरात. "आपल्या गिऱ्हाइकांनी कधी घाई केली नाही बुवा," असं सांगून ते मिशीतल्या मिशीत हसत. बायको मात्र त्या गाडीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. "मी तिच्यात एकदाच बसेन, तेही आडवी," म्हणायची आणि बसनं जायची. अख्खं गाव पोचवलं, पण आपल्या माणसाला शेजारी बसवून कुठं नेलं नाही, हे सावकाशरावांच्या मनाला फार लागून राहिलं होतं.

निवृत्त झाल्यावर ते स्कूटरचा ब्रेक दाखवायला गॅरेजात गेले, तर कोपऱ्यात ती उभी! लाल, बुटकी, शर्यतीतली वाटावी अशी. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं. "काका, बघा आणि विसरा. मालकानं ऑइल नसताना पळवली. आतला रॉड तुटला आणि इंजिन फोडून बाहेर आला. आता मिळेल त्या किमतीला विकतोय."

इंजिनाच्या कुशीला मूठ जाईल एवढं भोक होतं. सावकाशरावांनी खरंच त्यात मूठ घातली. एवढं जाड लोखंड, आणि कागदासारखं फाटलेलं. अरे बापरे, केवढा तो वेग! त्यांच्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले. असल्या वेगाचा कणही आपल्या वाट्याला आला नव्हता. त्यांनी उभ्या उभ्या सौदा केला.

"भोक पडलेलं पातेलं मी भंगारात देते, आणि तुम्ही गाडी आणता?" बायकोनं कपाळावर हात मारला.

"दोनच सीट आहेत तिला," ते म्हणाले. "एक माझी, एक तुझी. दोन्ही बसायच्याच."

बायकोनं कपाळावरचा हात खाली घेतला.

अपघातात चेपलेल्या तसल्याच गाडीचं इंजिन मिळेपर्यंत पुष्कळ दिवस गेले. गल्लीनं मनसोक्त टिंगल केली. अखेर एका सकाळी किल्ली फिरली आणि गॅरेजचे पत्रे थरथरले. सावकाशराव तोंडाचा आ वासून ऐकत राहिले.

"अगं बाई, जमिनीवरच बसले की मी!" म्हणत बायको आत शिरली. रस्ता सरळ होता, मोकळा होता. पण हाताला जन्माची सवय! दुसरा गिअर काही सुटेना. एक सायकलवाला पुढं निघून गेला. समोरून येणाऱ्या टपालवाल्यानं सावकाशरावांना ओळखलं, गाडीची चाल पाहिली, आणि तो बिचारा मान खाली घालून बाजूला उभा राहिला.

बायकोनं त्याच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"अहो, मी जिवंत आहे. दाबा की!"

सावकाशरावांनी दाबलं. तिसरा पडला, मग चौथा, आणि दोघांच्या पाठी सीटला चिकटल्या. बायको ओरडत होती, की हसत होती, की रडत होती, त्यांना कळेना. रस्त्यावरून डोळे काढायची सोयच नव्हती.