प्रोग्रॅमची खोड

मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम शाळेचं वेळापत्रक तयार करायचा. आज हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण त्या काळी जून महिना आला की प्रत्येक शाळेत एखादे ज्येष्ठ गुरुजी मोठा कागद, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन आठवडाभर डोकं धरून बसायचे. एवढं करूनही शाळा सुरू झाल्यावर कळायचं, की गणिताच्या सरांना मंगळवारी तिसऱ्या तासाला सातवीतही जायचंय आणि दहावीतही. माझ्या प्रोग्रॅममध्ये शिक्षकांची आद्याक्षरं, विषय आणि तास भरायचे, एक बटण दाबायचं, की सगळं वेळापत्रक प्रिंटरमधून किरकिर करत बाहेर!

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. घोडेगावहून नगरला आले होते आणि सावेडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. चपला दाराबाहेर काढायच्या, मशीनवरची रेक्झिनची कव्हरं घडी करून ठेवायची, मगच बटणाला हात लावायचा, असा तो जमाना. पहिली बॅच नऊला यायची. सात ते नऊ मशीन मोकळं असायचं, तेवढ्या वेळात तीन महिने खपून मी तो प्रोग्रॅम लिहिला. रोज सकाळी कुलूप उघडताना मनाशी म्हणायचे, आज चालेल, आज नक्की चालेल!

सावेडीतल्याच एका शाळेत तो पहिल्यांदा चालवायचा ठरला. ऐन वेळी मुख्याध्यापिकाबाईंनी एक अडचण सांगितली. शिवणाच्या बाईंचे गुडघे दुखायचे, आणि नववी-दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर. त्यांना जिना चढायला लागू नये. खरं तर अशी सोय कुणालाही देता येईल असा प्रश्न मी पडद्यावर आणायला हवा होता. पण वेळ नव्हता. मी थेट प्रोग्रॅमच्या पोटात एक ओळ लिहिली: ही तीन आद्याक्षरं दिसली, की नववी आणि दहावीचा तास द्यायचा नाही. काम कच्चं होतं, नंतर काढू म्हटलं आणि राहून गेलं. वेळापत्रक मात्र झकास निघालं. शिक्षकांच्या खोलीत तो लांबलचक कागद सगळ्यांनी हातात धरून वाचला, आणि शिवणाच्या बाईंनी माझ्या हातावर साखरेची चिमूट ठेवली.

क्लासमध्ये माझ्या आधीपासून शिकवणारे एक जण होते, मूळचे नेवाशाचे. मी त्यांना दादा म्हणायचे. फ्लॉपी कशी धरायची इथपासून सगळं मला त्यांनीच शिकवलं होतं. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि नेवाशात स्वतःचा क्लास काढला. आम्ही त्यांना निरोपाला पेनचा सेट दिला.

पुढच्या जूनच्या तोंडावर मी ठरवलं, आता तालुक्याच्या शाळांना आपला प्रोग्रॅम दाखवायचा. फ्लॉपी प्लॅस्टिकच्या डबीत घालून, वर रुमाल गुंडाळून मी एसटीने नेवाशाला गेले. तिथल्या एका शाळेचे मुख्याध्यापक भेटले, पांढऱ्या मिश्यांचे, शांत बोलणारे. मी वेळापत्रकाचं सांगायला सुरुवात केली तसे ते हसले.

"अहो, उशीर केलात तुम्ही. आमच्याकडे आलाय तो प्रोग्रॅम. गेल्याच आठवड्यात बसवला. बघायचाय?"

त्यांनी मशीन चालू केलं. काळ्या पडद्यावर टाइप केलेल्या चांदण्यांची चौकट उमटली. माझी चौकट! तिच्या उजव्या कोपऱ्यात एक चांदणी कमी होती, कारण मोजताना मीच चुकले होते. चौकटीच्या मधोमध प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं नाव होतं. ते दादांचं होतं.

मी एवढंच म्हणाले, "सर, हा मी लिहिलाय."

मुख्याध्यापकांनी पडद्यावर बोट ठेवलं. "नाव तर यांचं दिसतंय, बाई."

मी तिथून निघाले ती थेट पोलीस ठाण्यात. कानशिलं तापली होती, पण खरं सांगते, आत कुठे तरी उत्साहही होता. आता बघतेच, म्हणत मी पायऱ्या चढले. हवालदार वयस्कर होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, कागद ओढला.

"काय चोरीला गेलं?"

"प्रोग्रॅम."

"कशात हुता?"

"ह्या फ्लॉपीत." मी डबी उघडून दाखवली.

त्यांनी फ्लॉपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही तर तुमच्याकडंच हाय."

"हो, पण आतलं चोरलंय."

"मंग आता आत काय न्हाई?"

"आहे ना. सगळं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. चेष्टा करत नव्हते ते, खरोखर समजून घ्यायला बघत होते. "ताई, वस्तू तुमच्याकडं हाय, वस्तूच्या आतलंबी तुमच्याकडं हाय. मी लिहू काय? तुमी एखादा वकील गाठा."

परतीच्या एसटीत घोडेगाव आलं आणि मी उतरून घेतलं. बाजाराचा दिवस होता. माझे वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात पावत्या लिहायचे. लिंबाखालच्या टेबलाशी मी पोचले, आणि त्यांना बघताच रडूच फुटलं. त्यांनी हातातली पावती पुरी केली, गिऱ्हाइकाला दिली, आणि मग सगळं ऐकून घेतलं. कॉम्प्युटर त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"अगं, मंग रडतीस कशापायी? आपल्याकडं चोरीचा बैल येतो तवा काय करत्यात? दोघंबी म्हनत्यात माझा. पावत्याबी दोघांकडं आसत्यात. मंग आमी इचारतो, खोड सांगा. खरा मालक लगीच सांगतो, ह्यो पान्यात पाय ठिवत न्हाई, न्हाईतर उजव्या अंगानं दावं लावाया गेलं की पाय झाडतो. चोराला ते कुठनं ठावं असनार? तुझ्या त्या पोग्रामाला काय खोड न्हाई व्हय?"

मी रडता रडता थांबले. शिवणाच्या बाई! त्या तीन आद्याक्षरांची ओळ अजून प्रोग्रॅमच्या पोटात होती. दादांना ती ठाऊक असणं शक्यच नव्हतं. त्यांनी उचलला होता तो तयार प्रोग्रॅम. तो चालवता येतो, पण उघडून आत काय लिहिलंय ते वाचता येत नाही. नुसतं सुरुवातीचं नाव एका वेगळ्या फाइलीत होतं, तेवढं त्यांनी बदललं होतं. मी बाजारातच ओरडले, "आहे! खोड आहे!" शेजारी दोरीला बांधलेली म्हैस दचकली. वडील हसले आणि म्हणाले, "मंग झालं तर."

पण कायदा काय म्हणतो ते हवालदारांच्या सांगण्याप्रमाणे विचारायला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी नगरमध्ये वडिलांच्या ओळखीच्या वकिलांकडे गेले. जय भीम घातला आणि उभ्या उभ्याच बोलायला लागले. त्यांनी हाताने बसायची खूण केली. ऐकून घेतल्यावर उठले, कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटली.

"कॉम्प्युटरच्या गुन्ह्यांसाठी म्हणून वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही," ते म्हणाले. "पण लेखकाच्या हक्काचा, कॉपीराइटचा कायदा आहे. आणि त्यात आता कॉम्प्युटरचा प्रोग्रॅमही धरलाय. पुस्तक, कविता, तसंच हे लेखन. म्हणजे कायद्याच्या नजरेत तू लेखिका आहेस."

मी लेखिका! खुर्चीत बसवेना. केस कधी करायची, कागद कुठले लागतील, मी एकामागून एक विचारत सुटले. त्यांनी चष्मा काढला.

"एक विचारू का? हा प्रोग्रॅम तू ज्या पॅकेजमध्ये, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरमध्ये लिहिलास, ते कुणाचं?"

"एका परदेशी कंपनीचं."

"विकत घेतलंय?"

मी मानेनेच नाही म्हटलं. क्लासमध्ये सात मशीन होती, आणि साती मशीनवर तेच पॅकेज होतं. ते कुठून तरी फ्लॉप्यांवर आलं होतं. मीच दर बॅचला मुलांना ते उतरवून द्यायचे. त्यात काही चूक आहे असं आमच्यापैकी कुणाला वाटलंच नव्हतं. उलट, ज्ञान वाटतोय असंच वाटायचं.

"जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणं हाही गुन्हाच आहे," वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले. "कोर्टात समोरचा वकील तुला पहिला प्रश्न हाच विचारेल. मी तुला घाबरवत नाही. माहीत असू दे."

पायऱ्या उतरताना मी आधी चिडले होते, त्यांच्यावर. चौकात येईपर्यंत तो राग माझ्याकडेच वळला होता. केसचा विचार मी तिथेच सोडला. नाव मात्र सोडणार नव्हते.

दोन दिवसांनी पुन्हा नेवासा. मुख्याध्यापकांना आधी चिठ्ठी पाठवली होती, त्यांनी दादांनाही बोलावलं होतं. दादा मला बघून उभे राहिले, मग बसले. मी घडी घातलेला एक कागद मुख्याध्यापकांना दिला.

"सर, हा आत्ता उघडू नका. खिशात ठेवा. मी सांगते ती तीन अक्षरं मराठीच्या एका शिक्षकाच्या जागी भरा."

मराठीला त्यांच्याकडे दोन शिक्षक होते. एकाच्या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने, एकेक बटण शोधत, ती तीन अक्षरं भरली. मशीन विचार करायला लागलं. खोलीत तिघं जण आणि पंख्याचा आवाज. मग प्रिंटर सुरू झाला.

मुख्याध्यापक कागदावर बोट फिरवत वाचू लागले. "पाचवी आहे... सहावी... सातवी, आठवी आहे... नववी नाही. दहावी नाही. सगळे तास दुसऱ्या शिक्षकाकडे गेले की!"

"आता एक अक्षर बदला, सर."

त्यांनी बदललं. पुन्हा मशीन, पुन्हा प्रिंटर. या वेळी नववी आणि दहावीचे तास दोघांत नीट वाटले गेले होते. त्यांनी खिशातला कागद काढून उघडला. त्यावर मी लिहिलं होतं: 'या शिक्षकाला नववी आणि दहावी मिळणार नाही, कारण त्यांचे गुडघे दुखतात आणि ते वर्ग माडीवर आहेत.'

"पण आमच्या शाळेला माडीच नाही!" मुख्याध्यापक म्हणाले, आणि खो खो हसत सुटले. मग त्यांना गंभीर व्हायचं आठवलं आणि ते दादांकडे वळले. दादांचा चेहरा पडला होता.

"मी कुठं म्हणतो मी लिहिला," ते म्हणाले. "नवीन क्लास. नाव असल्याशिवाय कोण दारात येतं? आणि तू ज्या पॅकेजमध्ये लिहिलास ते कुठं विकतचं आहे? तुला ते मशीनवर चढवून कुणी दिलं? मीच ना?"

हाच प्रश्न दोन दिवस माझ्या डोक्यात होता, म्हणून मला तो लागला नाही. "हो दादा," मी म्हटलं. "ते चोरीचंच आहे. मी ते पुढे आणखी कितीजणांना दिलं, मलाच माहीत नाही. माझं चुकलं. पण म्हणून तुमचं बरोबर होत नाही."

मुख्याध्यापक दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "मला तुमच्या कॉम्प्युटरचं कळत नाही. पण वर्गात एकाने दुसऱ्याच्या वहीतलं उतरवलं, आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्याच्या, तर मी दोघांनाही उभं करतो. आता दोघं इथंच बसा आणि हे नीट करा. चहा मी सांगतो."

आणि आम्ही बसलो. दादांनी ती फाइल उघडली. माझं नाव त्यांनीच टाइप केलं, स्पेलिंग विचारून विचारून. खाली, प्रोग्रॅमची देखभाल करणारे म्हणून त्यांचं नाव राहू द्यायला मी हो म्हटलं, कारण नेवाशात मशीन बंद पडलं तर धावून जाणारे तेच होते. मी निघाले तेव्हा दादा दारापर्यंत आले आणि म्हणाले, "विचारायला हवं होतं तुला. चुकलंच ते." पुढे आम्ही भेटत राहिलो, पण पूर्वीसारखी थट्टामस्करी काही पुन्हा झाली नाही.

नगरला येऊन मी क्लास चालवणाऱ्या सरांना सांगितलं, की आता मी पॅकेज विकत आणणार. त्यांना वाटलं, मला उन्हाचा त्रास झालाय. "अगं, फ्लॉप्या आहेत की आपल्याकडे!" तरी मी पुण्याहून मागवलं. महिन्याभराने पार्सल आलं. खोका केवढा मोठा! फ्लॉप्या एका कोपऱ्यात, बाकी सगळी पुस्तकं, चार जाडजूड पुस्तकं. आमच्यापैकी कुणीही ती कधी पाहिली नव्हती, कारण फ्लॉपीवरून उतरवताना पुस्तकं काही उतरत नाहीत. बरोबर एक कागद होता: हे एकाच मशीनवर चालवायचं. सर म्हणाले, "तुझं तत्त्व तुझ्या मशीनपुरतं ठेव." बाकीच्या सहा मशीनवर त्यांनी जुनंच चालू ठेवलं. मी मात्र मुलांना फ्लॉपी उतरवून देणं बंद केलं. विचारलं तर कारण सांगायचे. काही जणांना पटायचं, काही जण दुसरीकडून घेऊन यायचे.

पुस्तकं मी घरी नेऊन वाचली, जेवतानासुद्धा. दुसऱ्याच पुस्तकात एक प्रकरण सापडलं. एका शिक्षकाचे दोन तास एकदम येऊ नयेत म्हणून दोनशे ओळी लिहून मी जे कसंबसं करत होते, ते बारा ओळींत होत होतं! पान तसंच उघडं धरून मी भर दुपारी सायकल मारत क्लासला गेले, बॅच चालू असतानाच माझ्या मशीनवर बसले आणि लिहायला लागले. पहिल्यांदा चाललं नाही. दुसऱ्यांदा चाललं. "या, या, बघा!" म्हणून मी हाका मारल्या, आणि सगळी मुलं आपापल्या खुर्च्या ओढत माझ्याभोवती गोळा झाली.