पुणे ते काशी: दोन तासांचे अंतर आणि एक शब्द

श्रीविश्वेश्वराची आणि माता अन्नपूर्णेची कृपा असो. घडले ते जसेच्या तसे सांगण्याचे बळ मला लाभो.

पुणे ते वाराणसी हे अंतर सरळ रेषेत सुमारे बाराशे किलोमीटर आहे. थेट विमानाला दोन तास पुरतात. आगगाडीला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो. गेल्या माघात ही चौकशी करण्याची वेळ आली, कारण काशीत दुर्गाघाटावर पौरोहित्यात आयुष्य काढलेले माझे ज्येष्ठ बंधू, दादा, अत्यवस्थ असल्याचा दूरध्वनी आला. त्यांचा मुलगा नोकरीच्या गावाहून निघाला होता. घरी एकटी सूनबाई. ती जौनपूरची, मराठी न जाणणारी. "चाचाजी, बस आ जाइए," एवढेच ती बोलू शकली.

ऐनवेळचे तिकीट महाग पडते, हे इच्छुकांनी ध्यानात ठेवावे. विमानात शेजारचा तरुण म्हणाला, "आजोबा, दोन तासांत काशी! आमचे पणजोबा निघाले, तेव्हा घरच्यांनी आधीच रडून घेतलं होतं."

"मग परतले का?"

"परतले की! आणि कोण कमी रडलं, ते जन्मभर उकरून काढत बसले."

बाबतपूरच्या विमानतळावरून टॅक्सीचे भाडे आधी ठरवून घ्यावे. ती मैदागिन चौकापर्यंतच येते. पुढे गल्ल्यांतून पायी, म्हणून सामान हलके हवे. एका वळणावर भला मोठा सांड आडवा उभा होता. मी थबकलो, तसा दुकानदार ओरडला, "चाचा, साँड़ से शास्त्रार्थ मत कीजिए, बगल से निकल लीजिए!"

पोहोचलो तेव्हा दादा गेलेले होते. देह पलंगावरच होता. उशाशी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. शेवटच्या आजारात हिंदी त्यांच्या जिभेवरून उतरली आणि केवळ मराठी उरली होती.

सूनबाई रडत म्हणाली, "सुबह से 'खाली, खाली' कहते रहे. हम गिलास भर-भरके पिलाते रहे. वो पलंग पर हाथ पटकते थे. चाचाजी, क्या खाली था? हमसे कुछ छूट गया?"

मला तत्क्षणी उमगले. दादा भूमी मागत होते. खाटेवर प्राण जाऊ नये, मरणाऱ्यास खाली, जमिनीवर घ्यावे, हा आपला आचार त्यांनी शेकडो घरांत सांगितला होता. तिच्या भाषेत 'खाली' म्हणजे रिकामे.

"नहीं बेटी," मी म्हणालो. "प्यास थी. तुमने पानी दिया, और क्या चाहिए?"

गंगातीरी मी असत्य बोललो. पुढे पुतण्याकडून खाटेवरील मरणाचे प्रायश्चित्त इतर विधींतच उरकून घेतले. कारण सांगितले नाही.

आता पुण्यात परतून काही आठवडे झाले. काशीत मरणाऱ्यास मुक्ती निश्चित, मग खाट काय नि भूमी काय, असे मनाला समजावतो. परंतु दादांनी मुक्ती नव्हे, हातभर जमीन मागितली होती. शास्त्रकार देशांतराची लक्षणे सांगतात: मध्ये पर्वत असावा, महानदी असावी, किंवा भाषा बदलावी. पहिली दोन विमानाने ओलांडली. तिसरे त्या खोलीतच, पलंग आणि पेला यांच्यामध्ये होते.

सूनबाईला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे येथे लिहू धजलो. वाचकहो, आपणा सर्वांचे कल्याण असो. आणि आपल्या अखेरच्या शब्दाचा अर्थ जाणणारे कुणी आपल्या उशाशी असो.