प्रतिज्ञेचा नंबर

पंधरा ऑगस्ट. सकाळी पावणेआठ. शाळेचं पटांगण. हजर कोण कोण होतं ते आधी लिहितो, कारण नंतर गावात जो तो म्हणायला लागला, आम्ही नव्हतो, आम्हाला ऐकू आलं नाही. सरपंच होते. शाळा व्यवस्थापन समितीचे आम्ही सगळे सदस्य होतो. मुख्याध्यापक, शिक्षक, सुट्टीवर आलेले तीन फौजी, आणि बायकापुरुष मिळून दीडशेच्या वर माणूस. सगळ्यांनी ऐकलं. माइक चालू होता.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत झालं. आता प्रतिज्ञा. सहावीतली माझी अनुजा रांगेतून बाहेर पडून माइककडं निघाली. निम्म्यात पोचली असेल. समितीचे अध्यक्ष आबा पुढं झाले, तिच्यासमोर हात आडवा धरला आणि माइक आपल्या नातीच्या हातात दिला. ही नात सांगलीला इंग्रजी शाळेत शिकते. आमच्या शाळेच्या पटावर तिचं नावच नाही. सुट्टीला आली होती.

वर्गाच्या बाई हळूच म्हणाल्या, "आबा, आज अनुजाचा नंबर आहे."

आबा हसले. "आवं बाई, झेंड्यापुढं गावचं पोर असावं. मेंढरामागनं आल्याल्यांनी मागनंच म्हणावं."

सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. लोक हसले. माझ्या शेजारचा म्हणाला, "आबा लय चेष्टेखोर."

अनुजा होती तिथंच उभी. मागं जावं की थांबावं, तिला कळेना. आबांच्या नातीनं कागद काढला आणि वाचायला सुरुवात केली. सगळ्यांचे उजवे हात पुढं झाले. सारे एकमेकांचे बांधव असल्याचं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. मग जिलेबी.

ही प्रतिज्ञा रोज वर्गात म्हणायची, हा ठराव माझा.

आमच्या शाळेत ती मोबाइलवरून स्पीकरला लावायचे. मुलं उभी असायची, ओठ हलले न हलले. जूनच्या सभेत मी म्हणालो, हे बंद करा. पोरांनी स्वतःच्या तोंडानं म्हणावी, आणि रोज एकानं पुढं येऊन सांगावी. दोघा सदस्यांनी विरोध केला. एक जण म्हणाला, "म्हणून काय हुतंय? त्या येळंत पाढं घ्या." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण मी हटलो नाही.

का हटलो नाही ते सांगतो. आम्ही धनगर. जतकडचे. माझ्या लहानपणी पाऊस सरला की मेंढरं घेऊन माझा बाप कृष्णाकाठी यायचा. जिथं मुक्काम, तिथल्या शाळेत मी. चौथीपर्यंत सहा शाळा झाल्या. प्रत्येक ठिकाणी पुस्तकाचं पान वेगळं, गुरुजी वेगळे, बसायची जागा दाराजवळ. पहिल्या दिवशी मला काहीच यायचं नाही. फक्त प्रतिज्ञा यायची. ती सहाही शाळांत तीच होती. तेवढा वेळ माझा हात इतर हातांच्या ओळीत असायचा. तेवढा वेळ मी नवा नसायचो. म्हणून मी ठराव मांडला, आणि त्यात एक ओळ घातली: नंबर हजेरीपटाप्रमाणे, कुणाला वगळायचं नाही. आबांनीच टेबलावर थाप मारली. "पाव्हणं लाखात एक बोलल्यात. घ्या लिहून."

पाव्हणं. बावीस वर्षं मी या गावात राहतो. घर बांधलं, दूध संकलन केंद्रात फॅट तपासायला लागलो, तरी आबा मला पाव्हणंच म्हणतात. मला वाटायचं, माया आहे. त्यांच्या नदीकाठच्या रानात माझ्या बापाची मेंढरं बसायची. रात्रभर खत पडायचं. त्या रानात पुढं ऊस कसा आला, ते आबा स्वतःच चारचौघांत सांगायचे. माझ्या बापाच्या मातीला खांदा द्यायलाही आले होते. असा माणूस.

रविवार आणि सुट्ट्या वजा करून मी आधीच काढलं होतं की स्वातंत्र्यदिनाला, जेव्हा झेंड्यापुढं प्रतिज्ञा सहावीनं सांगायची, तेव्हा अनुजाचाच नंबर येतो. ते आबांना पहिल्यांदा मीच हौसेनं सांगितलं. "बरं झालं की," म्हणाले. अनुजा पंधरा दिवस गोठ्यात म्हशींसमोर उभी राहून सराव करत होती. म्हणायची, "त्या हलत न्हाईत, म्हणून बरं पडतं." आबा एवढंच म्हणाले असते, की पाव्हणं, माझी नात आलीय, तिला हौस आहे, तर मी मान डोलावली असती. त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही.

त्या संध्याकाळी ते घरी आले. "मनावर घिऊ नगा. चेष्टा हुती."

माझी बायको चहा ठेवायला उठली नाही. म्हणाली, "चेष्टा हुती, तर मग आबा, त्याच माइकवर आमीबी एकदा तुमची करू काय?"

आबा उठून गेले.

दुसऱ्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. मी गेलो. मुख्याध्यापकांच्या खोलीत आबा बसलेले. अनुजा भिंतीला लागून उभी. त्या दिवसापासून ती प्रतिज्ञेला सावधान उभी राहायची, पण हात पुढं करत नव्हती. तोंड उघडत नव्हती. मला घरी काही बोलली नव्हती. बाईंनी समजावलं, मुख्याध्यापकांनी दटावलं, दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं. नंतर म्हणाले, सोमवारी तू सांग, तुझा राहिलेला नंबर घे. ही नको म्हणाली.

मुख्याध्यापक म्हणाले, "ठराव तुमचा. आता तुम्हीच तिला सांगा. उद्या कुणी वर तक्रार केली, देशाचा अपमान म्हणून, तर पोरीच्या नावाला कायमचा डाग लागेल."

आबा म्हणाले, "सांगा की. बापाचं ऐकंल ती."

अनुजा माझ्याकडं बघत होती. मी सांगितलं असतं तर तिनं हात वर केला असता. हे मला माहीत होतं, आणि तिथं बसलेल्या दोघांनाही माहीत होतं. त्यासाठीच तर मला बोलावलं होतं. तिला मागं सारलं होतं आबांनी. आता ते गिळून हात पुढं कर, हे मी सांगायचं.

मी म्हणालो, "आबा, उभं ऱ्हावा. उजवा हात फुडं करा आन् आधी तुमी म्हणा. ह्या पोरीकडं बघून म्हणा. मग मी तिला सांगतो."

"आमी काय साळंतली पोरं हाय व्हय?"

"मग प्रतिज्ञा कुणासाठी हाय? निस्त्या पोरांसाठी?"

त्यांचा चेहरा बदलला. पाव्हणं हा शब्द गेला. "लय शिकलास. कुठनं आलास ते इसरू नगंस."

मी म्हणालो, "इसरलो न्हाई." अनुजाचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन बाहेर पडलो.

त्यानंतर संकलन केंद्रात मला फॅटच्या मशिनवरून काढलं आणि कॅन उतरवायला लावलं. केंद्राचे चेअरमन आबांचे जावई. पाठ दुखते. समितीत मात्र मी अजून आहे, पालकांनी निवडलेला. काढायला कारण लिहावं लागेल, आणि हे कारण लिहायची कुणाची तयारी नाही.

लोक विचारतात, मग प्रतिज्ञा पोरांनी म्हणावी की नको? माझं उत्तर सरळ आहे. ज्या गावात मोठी माणसं ती खोटी पाडतात, तिथं लहानांकडून ती रोज वदवून घेणं म्हणजे त्यांना खोटं बोलायला शिकवणं. सहा शाळांत मी मनापासून म्हणत होतो. समोरचे नुसते हात पुढं करत होते, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. माझ्या मुलीला अकराव्या वर्षी कळलं.

आता दर सभेत पहिला विषय मी मांडतो. आधी समितीनं उभं राहून प्रतिज्ञा म्हणायची. अध्यक्षांनी पुढं येऊन सांगायची, आणि ज्या मुलीला हात आडवा धरला तिला समोर बसवून सांगायची. दर वेळी विषय बाजूला सारतात. दर वेळी माझा विरोध इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय मी खुर्ची सोडत नाही. पुढच्या सभेतही मांडणार. आबा अध्यक्ष आहेत तोवर, आणि नसतील तेव्हाही. तोवर माझी मुलगी वर्गात सावधान उभी राहील, झेंड्याला मान देईल, आणि हात खाली ठेवील. तो वर कर असं तिला मी सांगणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगू देणार नाही.