हॉर्नचा रिले

अर्धांगवायूच्या झटक्यानं बाबांच्या उजव्या हातातली पकड गेली, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. वरठीच्या पोलाद कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. घरी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, खुर्ची सरकवायचे, बसायच्या आधीच पुन्हा निघायचे. मी शिकवते त्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्या होत्या म्हणून मी त्यांच्याजवळ राहायला आले होते. त्यांना पाहून पाहून मलाही एका जागी बसवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरला डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि माझ्या जुन्या गाडीचा एसी नेमका बंद पडला. पंखा जोरात चाले, हवा मात्र गरम. उन्हाची झळ लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी भंडाऱ्याच्या एका मेकॅनिकला फोन लावला. गॅस संपला असेल, परवा गाडी आणा, म्हणाला.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. "न पाहताच गॅस संपला म्हणते? बोनेट उघड."

मी गाडी चालू करून एसीचं बटण दाबलं. त्यांनी मला बेल्टपासून लांब उभं केलं आणि कॉम्प्रेसर दाखवला. बेल्टवरचं चाक फिरत होतं, पण त्याच्या समोरची तबकडी जागची हलत नव्हती.

"त्याले करंट भेटून नाही राहिला," बाबा म्हणाले. "गाडी बंद कर. फ्यूज पाय."

मी पाहिला, फ्यूज चांगला होता. त्याच्या शेजारी एसीचा रिले होता, बटण दाबलं की कॉम्प्रेसरला करंट सोडणारी काळी चौकोनी डबी. ती उपटायला बाबांनी उजवा हात घातला. बोटं डबीवरून घसरली. पुन्हा घातला, पुन्हा घसरली. मी पुढं झाले तर त्यांनी कोपरानं मला सारलं.

"बाबा, बसा न एका जागी," मी जरा जोरातच म्हणाले.

ते फाटकाकडं निघून गेले. मी रिले उपटला, पण तो हातात घेऊन काय करायचं ते मला कळेना. हाक मारायचाही धीर होईना. थोड्या वेळानं ते आपणच परत आले.

"हॉर्नचा रिले असाच आहे का पाय. असंल तर इथं लाव."

नंबर सारखे होते. मी हॉर्नचा रिले एसीच्या जागी बसवला, गाडी चालू केली. टक्‌ असा आवाज आला आणि तबकडी फिरू लागली. पाचेक मिनिटांत गार हवा आली. बाबांनी तोंडावर घेतली आणि लगेच म्हणाले, "चाल भंडाऱ्याले. नवा रिले आणू."

"संध्याकाळी जाऊ न. ऊन उतरू द्या."

"कायले? गाडी गार आहे न."

आता हॉर्न नव्हता. रस्त्यात म्हशींचा कळप आडवा आला. मी ब्रेक दाबून बसले. बाबांनी काच खाली केली आणि डाव्या हातानं दारावर थापा मारत "हो हो" करून कळप बाजूला केला. दवाखान्याच्या फेऱ्या सोडल्या तर दोन महिन्यांत ते पहिल्यांदाच बाहेर पडले होते.

भंडाऱ्यात गाड्यांच्या पार्ट्‌सच्या दुकानासमोरच त्यांनी बोनेट उघडायला लावलं. नवा रिले हॉर्नच्या जागी डाव्या हातानं बसवायला त्यांना बराच वेळ लागला. दोनदा खाली पडला. मी उचलून दिला, पण मध्ये हात घातला नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना उजव्या हातानं बोट धरून दाबायला सांगितलं. दाबता आलं नाही. उजवा हात असाच राहील, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. बाबांना ते कसं सांगावं, याची जुळवाजुळव करत मी गाडीत येऊन बसले.

"मले माहीत आहे," बाबा म्हणाले. "तू गाडी काढ. घरचा कूलर आवाज करून राहिला, उजेड आहे तवर खोलू."