बांधावरच्या रांगेत

धरमतरच्या खाडीकाठच्या गावात मी चौथीला शिकवत होते. हवामानबदलाचा तक्ता फळ्यावर टांगून मी सांगितलं, "तुम्ही मोठे व्हाल तेव्हा समुद्र वर आलेला असेल."

पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या शेतात आलाय की. गेल्या उधाणाला बांध फुटला तवा."

मध्येच बोललेलं मला खपत नाही. "तो वेगळा विषय," म्हणून तिला गप्प बसवलं आणि 'आपण काय करू शकतो' यावर सगळ्यांना चित्र काढायला लावलं. झाडं येतील, सायकली येतील, असा माझा हिशोब. तिच्या वहीत मात्र खाडीचा फुटलेला बांध होता आणि अख्खं गाव रांगेत उभं राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होतं. रांगेच्या शेवटी पदर खोचलेली, चष्मेवाली एक बाई.

"ही मी? मी कशाला इथे?"

"बांध फुटला की सगळी जातात, बाई. घरात कोण बसत नाय."

बांध फुटला त्या दिवशी शाळा लवकर सोडली होती. रोह्याची दुपारचीच एसटी मिळाली, म्हणून मी खुशीत घरी गेले होते.