रविवारचं तिकीट

नीरजाला एका जागी बसवत नव्हतं. कुवेतच्या त्या मॉलमध्ये सिनेमागृहाबाहेर अकरापासून तिनं इतक्या फेऱ्या मारल्या, की पॉपकॉर्नवाल्यालाच घेरी यायची वेळ आली.

वाट पाहत होती माहीनची. नाशिकच्या इंजिनियरची ही लेक आणि रत्नागिरीकडची ती कोकणी मुसलमानाची. दोघी इथल्या शाळेच्या बसमध्ये एका सीटवर वाढल्या. दोन मैत्रिणींवरची एक जपानी मांगा, म्हणजे चित्रकथा, त्यांनी वाचून वाचून फाडली होती. आता खऱ्या नट्या घेऊन तिच्यावर सिनेमा आला होता. पण मध्ये नीरजा पुण्याला शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि माहीनच्या लग्नाला आली नाही. माहीननं वर्षभर अबोला धरला. कुवेतला परतल्यावर नीरजानं न विचारताच दोन तिकिटं काढून एक तिला पाठवलं. आली तर मैत्री उरली, नाही तर संपली, असं बाईसाहेबांनी परस्पर ठरवून टाकलं.

बारा वाजत आले, तरी पॉपकॉर्नवाला सोडला तर लॉबीत चिटपाखरू नव्हतं. सुट्टीच्या दिवशी एवढा शुकशुकाट? मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची, त्यामुळे तिची सुट्टीही पुण्याची, शनिवार-रविवारची. कुवेतची शुक्रवार-शनिवार. आज रविवार, आणि माहीन शहराबाहेर जहऱ्याला शाळेत शिकवत असणार! बालपण इथं काढून हा शहाणपणा!

सिनेमा तसाच सोडून ती टॅक्सीत बसली. वाटेत ड्रायव्हरला चारदा "जल्दी" म्हणाली.

शाळा सुटली. वह्यांचा गठ्ठा घेऊन माहीन फाटकाबाहेर आली आणि थबकली.

"सुट्टी असती तरी मी येणार नव्हते," ती म्हणाली.

नीरजाचं टॅक्सीत घोकलेलं सगळं पार उडालं.

"तुझ्या लग्नाला रजा मिळाली नाही असं मी म्हणाले, ते खोटं होतं गं. मी मागितलीच नव्हती. नवी नोकरी, साहेबांना घाबरले."

"ठाऊक होतं," माहीन म्हणाली. "तरी लग्नात स्टेजवरची तुझी खुर्ची मी शेवटपर्यंत कुणाला हलवू दिली नाही."

नीरजाला भर रस्त्यात रडू फुटलं. माहीनचा राग काही गेला नव्हता. तिनं अर्ध्या वह्या नीरजाच्या हातांत कोंबल्या.

"धर. जड आहेत. घर लांब आहे माझं."