नट जगला, मिशी गेली

आमच्या गावाला सिनेमाचं वेड होतं असं म्हटलं तर तो सिनेमावर अन्याय होईल. वेड होतं ते वाद घालण्याचं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, त्यामुळे इंग्रजांना शिव्या देण्यात काही मजा उरली नव्हती आणि आपल्या माणसांना शिव्या द्यायला अजून जरा अवकाश होता. मधल्या रिकाम्या काळात आम्हाला नट सापडले.

आमचं गाव गोंदियाकडचं, कामठ्याच्या अलीकडे. संध्याकाळ झाली की आम्ही तिघं तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जमायचो. हा तलाव आमच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर माती वाहून बांधलेला. नातवंडं याच पाळीवर बसून मुंबईच्या नटांच्या भुवयांवर भांडणार आहेत हे त्यांना आधी कळलं असतं, तर त्यांनी टोपल्या तिथंच फेकून दिल्या असत्या.

तिघं म्हणजे मी, माझ्या धानाच्या बांधीला, म्हणजे खाचराला, लागून ज्याची बांधी होती तो मित्र, आणि गावचा शिंपी. नावं कोणाचीच घेत नाही. नटांची तर मुळीच नाही, कारण दोघांचेही भक्त अजून हयात आहेत आणि म्हातारपणी त्यांच्या हातात काठ्या आल्या आहेत. एवढंच सांगतो की माझा नट हळू बोलायचा, फार सोसायचा आणि शेवटी मरायचा. बांधीवाल्याचा नट घोड्यावर बसायचा, तलवार फिरवायचा आणि शेवटी लग्न करायचा.

"तुह्या नटाले काही बिमारी हाय का गा?" बांधीवाला विचारायचा. "जवा पाहा तवा मरूनच राह्यते."

"मरायले अक्कल लागते," मी म्हणायचो. "घोड्यावर तर आपल्या पाटलाचा गडीबी बसते."

शिंपी मध्यस्थ होता, कारण त्याला नट दिसतच नसत. त्याला फक्त कपडे दिसायचे. सिनेमात नायिका विहिरीत उडी टाकत असताना हा मागून म्हणायचा, "कॉलर पाह्यली का? दोन बोटं जास्त सोडली हाय." आमच्या गावातल्या अर्ध्या तरुणांच्या अंगावर त्या दोन बोटं जास्तीच्या कॉलरी होत्या. नांगर धरताना त्या कानाला लागायच्या, पण कोणी तक्रार केली नाही.

आता एक अडचण सांगायला हवी. आम्ही एवढे तज्ज्ञ होतो, पण एकाही सिनेमाचा शेवट आम्ही पाहिला नव्हता. गोंदियाला जायचं ते भरडायचं धान गाड्यांवर लादून. गाड्या मिलसमोर रांगेत लावायच्या, नंबर लागेपर्यंत तीनच्या खेळाला जाऊन बसायचं आणि दिवस कलायला लागला की उठायचं, कारण गाड्या एका माळेने परत निघायच्या आणि मागे राहिलेल्यासाठी कोणी थांबत नसे. नायक अंथरुणाला खिळला की आम्ही उठलो. त्याचं पुढे काय झालं ते आम्ही पाळीवर बसून आपापल्या पक्षाप्रमाणे ठरवायचो. माझ्या नटाचा मृत्यू मी इतक्या वेळा वर्णन केला होता की मला तो पाहिल्यासारखाच वाटायचा.

त्या वर्षी हिवाळ्यात माझ्या नटाचा नवा सिनेमा लागला. नेहमीप्रमाणे तो खोकायला लागला तेव्हा आम्ही उठून आलो. पाळीवर बांधीवाला म्हणाला, "या बारीले नाही मरत तो. मले लक्षण दिसते."

"मरते," मी म्हणालो. "नाही मेला तर मिशी काढीन."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आपल्या आवडत्या माणसाच्या मरणावर पैज लावणारा भक्त मीच पहिला असेन. शिंप्यानं पैजेवर लगेच शिक्का मारला, कारण आधी सांगितल्याप्रमाणे त्याचं कोणत्याच नटावर प्रेम नव्हतं.

माझी मिशी त्या वेळी नुसती मिशी नव्हती. दवनीवाड्याच्या एका घरी माझं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. मुलगी पाहायला गेलो तेव्हा माझ्या हातातून बशी कलंडून चहा धोतरावर सांडला होता आणि दाराआडून ती खुदकन हसली होती. ते हसणं ऐकल्यापासून मला तीच मुलगी हवी होती. सिनेमातल्या कुठल्याही नायिकेबद्दल मला असं कधी वाटलं नव्हतं, जरी पाळीवर मी तसं बोलत असलो तरी.

बाजाराच्या दिवशी टॉकीजमध्ये बाराचा जादा खेळ असायचा. आम्ही तिघं दोन सायकलींवर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत बसलो. माझा नट खोकला. तो पडला. डॉक्टरनं मान हलवली. मी बांधीवाल्याकडे पाहून मिशीला पीळ दिला. आणि ज्या माणसानं आजवर एकदाही जिवंत राहून लोकांना घरी पाठवलं नव्हतं, असा माझा ठाम समज होता, तो हरामखोर उठून बसला. एवढंच नाही, त्यानं लग्नही केलं. बांधीवाला खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. स्वतःच्या नटासाठी त्यानं कधी इतक्या वाजवल्या नव्हत्या.

स्टेशनजवळ झाडाखाली दोन न्हावी शेजारी शेजारी खुर्च्या मांडून बसत. मी एकाच्या खुर्चीत बसलो आणि सांगितलं, मूँछ निकालना है. त्यानं वस्तरा खाली ठेवला. "बाप जिंदा है क्या?" त्यानं विचारलं. "जिंदा है तो मैं हाथ नहीं लगाऊंगा. पाप लगता है."

बाप गेला की मिशी उतरवायची, एरवी नाही, हे आम्हालाही माहीत होतं. पण पैजेपुढे शास्त्र कोण विचारतं? मी काही बोलायच्या आत बांधीवाल्यानं तोंड पाडलं आणि म्हणाला, "कल गये बिचारे." त्याचा नट तलवारीचा होता, पण त्या क्षणी त्यानं माझ्या नटाला मागे टाकलं. न्हाव्यानं चुकचुक केली आणि फार हळुवार हातानं माझी मिशी उतरवली.

शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंडाला साबणाचा फेस लावून बसले होते. ते दवनीवाड्याचे, मुलीचे सख्खे चुलते होते. फेसाआड मी त्यांना ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं, पण गळ्यावर वस्तरा असताना माणूस बोलणार कसा? आणि वस्तरा निघाला तेव्हा दुःखात असलेल्या माणसाला रस्त्यात कशाला गाठायचं, म्हणून ते सरळ गावी गेले. माणसं भली असली की असे घोटाळे होतात.

घरी मी थंडीच्या नावाखाली दुपट्टा तोंडावरून गुंडाळून जेवलो, म्हणजे जेवढं जेवता आलं तेवढं, आणि लवकर झोपलो. सकाळी बाबा गोठ्यात असताना मी खळ्यावर सटकलो. तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगामागे बसून ओठावर मिशी किती दिवसांत येते याचा विचार करत होतो, तेवढ्यात गावाच्या शिवेवरून बायकांचा रडण्याचा आवाज आला. तो आवाज आमच्या घराच्या दिशेनं गेला. वाटलं, माय गेली. मी धावत सुटलो.

अंगणात दवनीवाड्याची दमणी, माणसं नेणारी हलकी बैलगाडी, उभी होती. माझी होणारी सासू उंबऱ्याशी बसून सूर लावत होती, "माझ्या इवाई वो, असे कसे सोडून गेले वो!" आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि तिचे इवाई गोठ्याच्या खांबाला टेकून अंबाडीची दोरी वळत बसले होते. बाबांनी दोरी खाली ठेवली. त्यांना वाटलं, यांच्याच घरी कोणीतरी गेलं आणि या इकडे सांगायला आल्या. ते उठले, रांजणातून पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तिच्यापुढे धरला.

"पाणी प्या बाई. होणाऱ्याले कोण टाळते? कोण गेलं जी? म्हातारी का?"

म्हातारी, म्हणजे मुलीची आजी, दमणीतच बसून सगळ्यांत मोठ्यानं रडत होती. ती एकदम गप्प झाली. सासूनं पदर बाजूला करून बाबांकडे पाहिलं, हातातल्या तांब्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाबांकडे पाहिलं. नेमका तेव्हा मी बिनमिशीच्या उघड्या ओठानं अंगणात शिरलो.

बाबांनी माझा ओठ पाहिला. त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"अस्सं," ते म्हणाले. "मंजे मीच मेलो होय."

मग मला सगळं सांगावं लागलं. सांगताना त्यातला मूर्खपणा शब्दागणिक वाढत गेला. दमणीबरोबर आलेले माझे होणारे मामाजी, म्हणजे सासरे, लालबुंद झाले होते. "बाप जिता असताना मिशी काढते! उद्या माझ्या पोरीचं कुकूबी पैजेवर लावन हा! सुपारी वापस घ्या जी."

मी खाली बघत उभा होतो. त्यांची पोरगी मला मिळणार नाही, हे मला त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की रडू आलं. माझ्या नटाची नक्कल नव्हती ती. लाज वाटली, तरी थांबेना.

"इवाई," बाबा म्हणाले, "पोरगं बावळट हाय, पण लबाड नाही. मेलो मी, आन् रागावून राहिले तुमी. मिशी काय, येईन. आली का लगन लावा, नाही आली तर नका लावू. आता मात्र जेवून जा. माझ्या मरणाले आले, उपाशी कसे जाल?"

स्वतःच्या मरणाचं जेवण स्वतः वाढणारा माणूस पाहून मामाजींना राग कोणावर धरावा हेच कळेना. ते जेवले. मिशी पुरी आली तरच लग्न, असा करार झाला. वर बाबांनी एक अट घातली. "तो सिनेमा मले पाह्यचा हाय. ज्याच्यापायी मेलो, तो पाह्यलाच पाह्यजे."

दोघे व्याही गोंदियाला गेले. बाबांनी उभ्या जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. माझा नट पडद्यावर पुटपुटायला लागला तेव्हा ते उठून ओरडले म्हणतात, "मोठ्यानं बोल गा!" मामाजींनी त्यांना खाली बसवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा पाळीवर येऊन आमच्यात बसले आणि निकाल दिला.

"पोरगा चांगला हाय. पण धानावरची पाखरं हाकलायले कामाचा नाही. त्याचा आवाजच निघत नाही."

तेव्हापासून ते रोज यायला लागले. आमचा वाद त्यांनी पार बिघडवून टाकला, कारण त्यांना दोन्ही नट आवडायचे आणि दोघांची कीव यायची. घोडेवाल्याबद्दल म्हणायचे, "कायले एवढा पळते? घरी कोणी वाट पाहून नाही राह्यलं त्याची." शिंप्याला विचारायचे, त्या कॉलरीत घाम जिरतो का. आणि रडण्याचा विषय निघाला की मान वर करून सांगायचे, "मी मेलो का माझ्यावर कोण किती रडते, मले मालूम हाय. मी ऐकलं हाय." गावात हे दुसरं कोणीच म्हणू शकत नव्हतं.

वैशाखात लग्न झालं. मंडपात मामाजींनी पेट्रोमॅक्स उचलून माझ्या ओठाजवळ धरला आणि मगच अक्षता वाटू दिल्या. मुलगी पुन्हा हसली, या वेळी दाराआड नव्हती.

पुढच्या काही वर्षांत आमचं गाव न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं. सिनेमांचे शेवटही आम्ही पाहायला लागलो. पाळीवरची बैठक तीच राहिली. मग एका आश्विनात, धान निसवून लोंब्या येत असताना, बाबांना ताप आला. ताप उतरला नाही. ते गेले.

दवनीवाड्याला सांगायला बांधीवाला सायकलवर गेला. मामाजी ओसरीवर बसले होते. ते त्याला पाहून हसले. "काऊन गा, आता कोणता सिनेमा लागला?"

बांधीवाला रडायला लागला. सोसणाऱ्या नटाची जन्मभर टिंगल करणारा माणूस त्यांच्या ओसरीवर बसून हुंदके देत होता. "बेस रडते, अगदी नटावानी," मामाजी म्हणाले. त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. तो परत आला आणि काय झालं ते त्यानं आम्हाला सांगितलं. नंतर बराच वेळ त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. माझी बायको दारात उभी राहून माहेरच्या वाटेकडे बघत होती. संध्याकाळ व्हायला लागली तेव्हा माय म्हणाली, आता नाही थांबता येत. आम्ही बाबांना नेलं. तलावाच्या काठावर गावच्या न्हाव्यानं माझी मिशी उतरवली. त्यानं काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरं कळल्यावर ती माणसं आली. मामाजींनी माझा ओठ पाहिला आणि हात जोडले. मला त्यांचा राग आला होता, फार आला होता, पण त्यांचे जोडलेले हात पाहिल्यावर तो टिकला नाही.

सासू उंबऱ्याशी बसली आणि तिनं सूर लावला. "माझ्या इवाई वो, असे कसे सोडून गेले वो." शब्द तेच होते. आणि तिथपर्यंत येऊन ती थांबली. तिची नजर गोठ्याच्या खांबाकडे गेली. अर्धी वळलेली अंबाडीची दोरी तिथं पडली होती. आमच्या सगळ्यांच्याच नजरा तिकडे गेल्या. मागच्या वेळी याच ठिकाणी बाबांनी विचारलं होतं, "कोण गेलं जी?"

ती जणू त्याच प्रश्नाची वाट पाहत राहिली. आम्हीही पाहत राहिलो. मग मी उठलो, रांजणातून तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.